दुसरी कुस्ती

आमच्या बेटावर कुणी कुणाला हरवत नाही. म्हणजे हरवतात, पण लगेच परतफेड करून टाकतात. देवळाचं छप्पर नवं केलं की आखाडा घालायचा, खालच्या वाडीनं आणि वरच्या वाडीनं आपापले पैलवान उतरवायचे, आणि प्रत्येक जोडीच्या दोन कुस्त्या लावायच्या. पहिली खरी, जीव तोडून. दुसरीत मात्र पहिली मारणाऱ्यानं मुद्दाम हरायचं, म्हणजे कुस्ती सोडायची. झालं एक-एक. उद्या त्याच माणसाबरोबर जाळं ओढायचं असतं, त्याच्याच पाटाच्या पाण्यावर भात लावायचा असतो, म्हणून कुणी कधीकाळी ही पद्धत घालून दिली. मी पलीकडच्या बेटावरून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला फार हसू आलं होतं. इथे पाहुण्यांसाठी बैलांच्या टकरी लावतात, त्यासुद्धा बरोबरीत सोडवतात.

आता हसू येत नाही. कारण सगळ्या बेटाची मनं साफ करणाऱ्या या पद्धतीतून एक माणूस तेवढा सुटला, आणि त्याचं जेवणखाण, औषधपाणी, अंघोळ, सगळं माझ्याकडे आहे.

तोराझो, माझे सासरे. मागचा मोठा आखाडा झाला त्याला पन्नासेक वर्षं होऊन गेली. तेव्हा ते खालच्या वाडीचे मुख्य पैलवान होते. वरच्या वाडीकडून कानेयोशी. रात्रभर बाकीच्या कुस्त्या झाल्या आणि उन्हं वर आल्यावर या दोघांची लागली. पहिलीत कानेयोशीनं सासऱ्यांना लंगोटाला धरून उचललं आणि रिंगणाबाहेर ठेवून दिलं. दुसरीत सासऱ्यांनी कानेयोशीला पाडलं. लोकांनी मीठ उधळलं, आखाड्याचे देवदाराचे खांब उपटून दोघांना एकेक बक्षीस दिला, आणि त्याच खांबांवर बसवून वाजतगाजत घरी पोचवलं. आमचा खांब अजून वळचणीखाली टांगलेला आहे. त्याच्यावरची कोळिष्टकं मीच काढते.

त्या दिवसापासून दोघं भावांसारखे. माझ्या नवऱ्याचं नाव कानेयोशींनी ठेवलं. कानेयोशींची बायको गेली तेव्हा सासरे वरच्या वाडीत जाऊन राहिले, आणि दोघांनी मिळून करपलेला भात खाल्ला. तेव्हा वैर म्हणाल तर नावाला नाही. पण एक कुसळ रुतलं होतं ते रुतलंच.

"दुसरी मी खरी मारली," सासरे म्हणायचे. जेवताना म्हणायचे, मी पाठ चोळत असताना म्हणायचे, डॉक्टर छाती तपासत असताना म्हणायचे. "काने सोडणार होता गं. पण त्याला सोडायला वेळच दिला नाही मी."

"बरं," मी म्हणायची.

"बरं काय? खरं सांगतोय."

"खरंच असेल बाबा. हात वर करा."

नवरा माकूळ धरायला रात्रभर समुद्रावर आणि दिवसभर अंथरुणात, त्यामुळे ऐकायला मी एकटी. शिवाय पाच खोल्यांची खाणावळ. पाहुण्यांची पांघरुणं, पाहुण्यांचे मासे, आणि संध्याकाळच्या बोटीवर जाऊन पाहुण्यांना घेऊन येणं. मला कुस्तीचं काय घेणंदेणं? पण मी दमून बसले की ते माझ्यासमोर बसायचे आणि दोन बोटं चटईवर उभी करून कोणता पाय कुठे होता ते दाखवायचे.

खरंखोटं सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्याला विचारायची सोय नव्हती. तुम्हीच बघा. कानेयोशी म्हणाले असते, "हो, सोडली होती," तर ते मित्राच्या तोंडात मारल्यासारखं झालं असतं. आणि म्हणाले असते, "नाही सोडली," तर स्वतःच्या तोंडाला काळं. दुसरी कुस्ती न सोडणारा म्हणजे देवाच्या अंगणात उभं राहून शेजाऱ्याचं वाईट चिंतणारा. त्याच्या घरातल्या माणसाला पुढे कुणी आखाड्यात उभं करत नाही. म्हणून हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारत नाही. सासऱ्यांनीही कधी विचारला नव्हता. मरायच्या आधी एकदा कानेच्या तोंडून ऐकायचंय, एवढंच ते मला सांगायचे, आणि मी म्हणायची, हात वर करा.

कानेयोशी बोलणार नाहीत म्हटल्यावर सासऱ्यांनी एक वेगळाच साक्षीदार धरून ठेवला होता. तो म्हणजे देवळातल्या चित्रातला पायाचा अंगठा.

चित्र दोनशे वर्षांचं तरी असेल. वारा पडल्यामुळे आमच्या बंदरात अडकलेल्या कुठल्याशा जहाजावर एक चित्रकार होता, त्यानं दिवस काढता काढता काढलं, असं म्हणतात. लांबलचक कागदाची गुंडाळी. उजवीकडून उलगडत गेलं की आधी पहिली कुस्ती लागते. वरच्या वाडीचा पैलवान, पोट सुटलेला, भुवया जाड, आमच्या पैलवानाला उचलून फेकतोय. मध्ये मीठ उधळणारी माणसं, एक बाई पोराला पाजतेय, एक कुत्रं. मग डावीकडे दुसरी कुस्ती. आता आमचा वर आणि तो जाड भुवयांचा मागे कलंडतोय. आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा मातीत रुतलाय. चांगला आकडा करून, नखापर्यंत.

"सोडणारा माणूस अंगठा रुतवतो का?" सासरे विचारायचे. "चित्रकाराला दिसलं होतं. सगळेच काही सोडत नाहीत. काहींना पाडावं लागतं."

गुंडाळीची पेटी एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष कानेयोशींच्या घरी. दर उन्हाळ्यात ओल जायची म्हणून ती देवळात उघडतात. लांब पांढऱ्या कापडावर सगळं चित्र पसरतात आणि दोन्ही वाड्या समोर बसतात. त्यातही पद्धत आहे. ज्यानं त्यानं आपल्या हरण्यासमोर बसायचं. आम्ही उजवीकडे पहिल्या कुस्तीसमोर, वरची वाडी डावीकडे दुसरीसमोर. त्यामुळे इतकी वर्षं सासऱ्यांच्या नाकासमोर आमचा पैलवान हवेत लटकलेला, आणि तो अंगठा कानेयोशींच्या पुढ्यात. उठायच्या वेळी सासरे मुद्दाम डावीकडून वळसा घालून जायचे. बरोबर मला न्यायचे. "बघितलास?" "बघितला." असं दर वर्षी.

या वर्षी उन्हाळा वाईट होता. सकाळीच मी सातूचा थंड चहा भरून घेतला, भाताचे मोठे गोळे करून वाळवलेल्या समुद्री शेवाळ्यात गुंडाळले, सासऱ्यांना धुतलेला सदरा घातला आणि छोट्या ट्रकमध्ये बसवलं. ते रस्ताभर खुशीत. या आश्विनात पुन्हा मोठा आखाडा होता, देवळाचं छप्पर पुरं होत आलं होतं. वरच्या वाडीनं मुख्य पैलवान म्हणून कानेयोशींचा नातू कोसेइ निवडला होता. आमच्याकडून लाकूड गिरणीतला एक दणकट गडी होता.

"कोसेइची पकड आजोबासारखी आहे," सासरे म्हणाले. "उजवा हात. एकदा लंगोटात गेला की गेला."

"तुम्ही आज शांत बसा," मी म्हटलं. "बोटीवर सहा माणसं यायची आहेत. चारच्या आत निघायचं."

"मी कधी अशांत असतो?"

देवळात पंखे लावले होते. पुजारी मुराओ तोंडाला कापड बांधून पेटीसमोर बसले होते. या वर्षी पेटी कानेयोशींच्या घरची, म्हणजे त्यांच्या सुनेच्या, फुसाएच्या ताब्यात. फुसाए आणि मी एका वयाच्या. तिच्याकडे एक म्हातारा, माझ्याकडे एक. बाजारात भेटलो की आम्ही बद्धकोष्ठावर बोलतो. ती कानेयोशींना चाकाच्या खुर्चीत घेऊन आली होती. कधी काळी माणसं उचलून फेकणारा तो माणूस आता पांघरुणाच्या घडीएवढा राहिला होता, आणि कानांनी तर पार हात टेकले होते.

मुराओंनी गुंडाळी उलगडायला घेतली. भुवया आल्या, हवेतला आमचा पैलवान आला, मीठ आलं, बाई आली, कुत्रं आलं. मग मुराओंचे हात थांबले. त्यांनी अजून थोडं उलगडलं आणि तोंडावरचं कापड खाली ओढलं.

"कसर लागली," ते म्हणाले.

डावीकडच्या तुकड्यात कागदाची चाळण झाली होती. कुस्ती होती, आमचा पैलवान होता, भुवयाही होत्या. पण जाड भुवयांच्या पैलवानाचा उजवा पाय घोट्यापासून खाली नव्हता. तिथून खालचं पांढरं कापड दिसत होतं.

फुसाएचा चेहरा उतरला. "मागच्या पावसात आमचं छप्पर गळत होतं," ती म्हणाली. "पेटी पुसली मी. उघडायची नसते ना मध्ये, म्हणून उघडली नाही. कापराच्या वड्या घातल्या होत्या हो." मला तिची दया आली. पुढच्या वर्षी ती पेटी माझ्या फडताळात असती, आणि ओल काय पत्ता विचारून येते?

"मात्सुए शहरात पाठवू," मुराओ म्हणाले. "तिथे दुरुस्त करतात."

"अंगठा परत काढतील ना?" हे सासऱ्यांनी विचारलं. इतक्या मोठ्यानं की दोन्ही वाड्या वळल्या.

"नाही काढत. भोक असेल तिथे त्याच रंगाचा कागद बसवतात. गेलेलं पुन्हा रंगवायचं नाही, असा त्यांचा नियम आहे."

"पण आम्हाला माहीत आहे ना कसा होता! मी सांगतो त्यांना. मिसाओ सांगेल. मिसाओ, सांग."

"बाबा, बसा."

ते बसले नाहीत. काठी टेकत निघाले आणि वळसा घालून डावीकडे गेले. वाकून त्यांनी त्या भोकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. वरच्या वाडीच्या रांगेत, कानेयोशींच्या खुर्चीला लागून, खाली बसले.

मी जागेवरून उठलेच होते. मला कळलं होतं ते काय करणार. पण मधे सगळी माणसं, आणि माझे पाय मुंग्या येऊन जड झालेले.

"काने," सासरे हळूच म्हणाले.

"हं?"

"दुसरी सोडली होतीस का रे?"

"काय?"

"सोडली होतीस का? आपली दुसरी."

"जेवण ना? अजून वाढलं नाही," कानेयोशी म्हणाले.

फुसाए वाकली. "मोठ्यानं बोला काका. कानातलं मशीन घरी राहिलं." तिला बिचारीला काय माहीत, काय बोलायचं चाललंय ते.

सासऱ्यांनी एक श्वास घेतला आणि देवळाच्या तुळया हलतील अशा आवाजात ओरडले, "तू दुसरी कुस्ती सोडली होतीस का, काने? का मी खरी मारली?"

पंख्यांचा तेवढा आवाज राहिला. मला वाटलं जमीन दुभंगून मला आणि माझ्या भाताच्या गोळ्यांना पोटात घेईल तर बरं. फुसाएचा हात तिच्या तोंडावर गेला होता. कोसेइ मागे खांबाला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

कानेयोशींना ऐकू आलं होतं. त्यांनी चित्रातल्या भोकाकडे पाहिलं. मग स्वतःचा उजवा हात मांडीवरून उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"नाही सोडली," ते म्हणाले.

"आजोबा!" कोसेइ म्हणाला.

"नाही सोडली. सोडायला हवी होती. मला दोन्ही हव्या होत्या. सबंध ताकद लावली होती मी." ऐकू न येणाऱ्या माणसांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "तोरानं मला पाडलं. खरं पाडलं."

वरच्या वाडीचे दोन म्हातारे, ज्यांच्या शब्दावर आखाड्यातली नावं ठरतात, उठून बाहेर गेले. मुराओंनी तोंडावरचं कापड पुन्हा नीट बांधलं. "या पंख्यांचा आवाज फार आहे," ते म्हणाले. "मला तरी काही ऐकू आलं नाही." बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. पण सगळ्यांना ऐकू आलं होतं.

मग जेवणं झाली. म्हणजे वाढली गेली. मी गोळे वाटत फिरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे न बघता ते घेतले. फुसाए कलिंगड कापत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले तर ती सुरी न थांबवता म्हणाली, "कोसेइनं हिवाळ्यापासून दारू सोडली होती. रोज पहाटे समुद्रावर पळतो." एवढंच म्हणाली. आमच्या म्हाताऱ्याला हवं ते मिळालं, आणि किंमत तिच्या पोरानं भरली.

मला वाटलं होतं सासरे आता मिरवतील. मी तयारी ठेवली होती, फार बोलायला लागले तर ओढत न्यायची. पण ते एका कोपऱ्यात गप्प बसून होते, हातातला गोळा तसाच. चारच्या सुमारास म्हणाले, "मिसाओ, घरी."

ट्रक उतारावरून निघाला. खाली समुद्र चकाकत होता. मला इतका शीण आला होता की क्लच दाबायचंसुद्धा जिवावर येत होतं.

"मिळालं ना एकदाचं?" मी म्हटलं. "झालं समाधान? त्या पोराचा आखाडा गेला, फुसाए माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही देव जाणे. पण तुमची दुसरी कुस्ती खरी. आता जेवताना तेच ऐकवा."

वळण गेलं, भातखाचरं गेली.

"त्याची मूठ उघडली होती," ते म्हणाले.

"कुणाची?"

"कानेची. उजवी. माझ्या लंगोटात होती, मागे, माकडहाडाच्या वर. घट्ट. मी जोर लावला आणि ती उघडली. एकेक बोट. मला कळलं गं. तिथल्या तिथे कळलं. तो पडायच्या आधी."

मी ट्रक कडेला घेतला. घ्यावाच लागला. "म्हणजे त्यानं सोडली होती?"

"सोडली होती."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग एवढी वर्षं माझं डोकं का खाल्लंत? पाठ चोळताना, जेवताना! तो अंगठा, तो चित्रकार! मला दर वर्षी नेऊन तो अंगठा दाखवत होतात!"

"अंगठा बघितला की वाटायचं," ते म्हणाले, "की कदाचित मूठ नसेल उघडली. मला तसं वाटलं असेल." त्यांनी हातातला भाताचा गोळा अजून धरून ठेवला होता, तो आता डॅशबोर्डवर ठेवला. "आज त्यानं खोटं सांगितलं. चारचौघांत. माझ्यासाठी. दोन वेळा सोडली त्यानं, मिसाओ. मी एकदाही नाही."

मला रडू आलं. राग आला म्हणून आलं की दुसऱ्या कशानं, ते ठरवत बसायला वेळ नव्हता. बोट यायला अर्धा तास होता. सहा माणसं, त्यांचे मासे अजून साफ करायचे.

"मागे घे," ते म्हणाले.

"बोट आहे बाबा."

"मागे घे."

मी बंदरावरच्या तिकिटाच्या बाईला फोन केला, माझे पाहुणे जरा बाकावर बसवून ठेव म्हटलं. ती म्हणाली, "पुन्हा म्हातारा का?" मी म्हटलं, "पुन्हा म्हातारा." आणि त्या अरुंद रस्त्यावर तो ट्रक वळवताना मी तोंडातल्या तोंडात ज्या शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकल्या असतील तर ऐकू देत.

देवळाच्या अंगणात बरीच माणसं पांगली होती. आत मुराओ आणि कोसेइ गुंडाळी गुंडाळत होते. ते दोन म्हातारे पायऱ्यांवर सिगारेट ओढत बसले होते, तोंडं दोन बाजूंना. कानेयोशींची खुर्ची मोठ्या देवदाराच्या सावलीत होती आणि फुसाए त्यांच्या हनुवटीवरून कलिंगडाचं पाणी पुसत होती.

सासरे काठी न घेताच ट्रकमधून उतरले. खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले, पाय फाकून.

"काने! तू सोडली होतीस!"

"काय?"

"सोडली होतीस! तुझी मूठ उघडली होती! मला माहीत आहे! पहिल्यापासून माहीत आहे!"

पायऱ्यांवरचे दोघं वळले. कोसेइ गुंडाळीचं टोक हातात धरून दारात आला. सासऱ्यांना तेच हवं होतं. ते त्यांच्याकडे वळून पुन्हा ओरडले, की या माणसानं रीतीप्रमाणे दुसरी सोडली होती, आणि मला मेल्याला ती पचली नाही म्हणून आज मी त्याला खोटं बोलायला लावलं. तोराझो खरं एकदाच लढला आणि एकदाच हरला, असं म्हणाले. ज्या गोष्टीसाठी ते आयुष्यभर झुरले, ती त्यांनी भर उन्हात, अंगणात, स्वतःच्या हातानं फेकून दिली. मी मागे जाऊन उभी राहिले, पडलेच तर धरायला.

कानेयोशी हसायला लागले. दात नव्हतेच.

"अरे गाढवा," ते म्हणाले. "घाम होता तो."

"कसला घाम!"

"हाताला घाम होता माझ्या. मूठ उघडली नाही, निसटली. तू पाडलंस."

"घाम नव्हता! सबंध रात्र थंडी होती! सोडलीस तू!"

"मूठ कुणाची होती? तुझी का माझी?"

"लंगोट कुणाचा होता?"

पायऱ्यांवरचा एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. दुसरा म्हणाला, "मेला तो पंच, नाहीतर त्यालाच विचारलं असतं." मग त्यानं सिगारेट विझवली, उठला, आणि आत जाता जाता कोसेइच्या पाठीत एक थाप मारली. "काय उभा राहिलास? हात नीट पूस आणि धर ते. आश्विनात तुझे हात दिसतीलच." फुसाएनं ते ऐकलं. तिच्या हातातला रुमाल खाली पडला आणि तिनं तो उचलला नाही.

म्हाताऱ्यांचं चालूच होतं. तू सोडलीस, तू पाडलंस. दोघंही दुसऱ्याला जिंकवायला निघालेले, आणि दोघंही खोटारडे म्हणून एकमेकांवर ओरडत होते.

"इकडे ये," कानेयोशी शेवटी म्हणाले. "ये असा. दाखवतो."

सासरे पुढे सरकले. कानेयोशींनी खुर्चीतून उजवा हात लांब केला, त्यांच्या कमरेमागे नेला आणि पट्ट्यात घातला. माकडहाडाच्या वर. काळे डाग पडलेली ती बोटं पट्ट्याखाली गेली आणि एकेक करून मिटली.

"अशी होती का?"

"अशीच," सासरे म्हणाले. "अगदी अशीच."

"आता बघ उघडते का."

दोघं तसेच राहिले. एक उभा, एक बसलेला, सासऱ्यांचा हात कानेयोशींच्या खांद्यावर. झाडावर उन्हाळी किडे कर्कश किरकिरत होते. खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला. माझी सहा माणसं आली होती.

"मामंजी, ऊन लागेल," फुसाए म्हणाली. "चला आता. सोडा त्यांना."

"नाही सोडत," कानेयोशी म्हणाले.

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही.

मी ट्रककडे गेले, चालूच राहिलेलं इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मग येऊन फुसाएच्या शेजारी देवदाराच्या मुळावर बसले. तिनं कलिंगडाची एक फोड माझ्या हातात दिली.